बर्ट मन्रो

हर्बर्ट जेम्स ऊर्फ बर्ट मन्रो (जन्म : २५ मार्च १८९९, इन्व्हरकार्गिल, न्यू झीलंड, मृत्यू : ६ जानेवारी १९७८, इन्व्हरकार्गिल) हे न्यू झीलंडचे मोटारसायकल शर्यतपटू व कुशल यंत्रकारागीर होते. १९२० साली विकत घेतलेल्या एकाच 'इंडियन स्काउट' मोटारसायकलीची दुरुस्ती व पुनर्बांधणी त्यांनी अनेक दशके स्वतःच्या हातांनी केली. ऑगस्ट १९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्यांनी अमेरिकेतील बॉनेव्हिल येथे १,००० घनसेंटिमीटरखालील गटात वेगाचा विक्रम नोंदवला. मोटारसायकलीच्या नावातील 'इंडियन' या शब्दाचा भारताशी संबंध नाही. ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे १९०१ साली सुरू झालेल्या कंपनीचे नाव आहे.

सुरुवातीचे जीवन

मन्रो यांची जुळी बहीण जन्मतःच मरण पावली. हे मूलही दोन वर्षांपलीकडे जगणार नाही, असे डॉक्टरांनी कुटुंबाला सांगितले होते. मात्र ते वाचले आणि इन्व्हरकार्गिलच्या पूर्वेस एडेनडेल येथील कुटुंबाच्या शेतावर वाढले. लहानपणी ते घरातील सर्वांत वेगवान घोडा शेतातून भरधाव दौडवीत व त्यासाठी वडिलांचा रोष ओढवून घेत. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी काही काळ ओटिरा येथील रेल्वे बोगद्याच्या बांधकामावर मजुरी केली. वडिलांनी नवे शेत घेतल्यावर ते घरी परतले.

१९२७ साली त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला चार अपत्ये झाली. जागतिक मंदीच्या काळात मन्रो पुन्हा शेतीकडे वळले व पुढे मोटारसायकलींचे विक्रेते आणि मेकॅनिक म्हणून काम करू लागले. याच काळात ओरेटी किनाऱ्याच्या कठीण वाळूवर होणाऱ्या शर्यतींत त्यांचे नाव झाले. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथेही ते शर्यतींत उतरले. १९३८ साली त्यांनी वेगाचा पहिला राष्ट्रीय विक्रम केला आणि पुढे आणखी सात राष्ट्रीय विक्रमांची भर घातली.

इंडियन स्काउट

स्काउट हे मॉडेल मूळचे आयरिश अभियंते चार्ल्स फ्रँकलिन यांनी आखले होते. त्यात सुमारे ६०० घनसेंटिमीटरचे दोन सिलिंडरांचे व्ही-रचनेचे इंजिन आणि तीन गियर होते. मन्रो यांच्या गाडीचा इंजिन क्रमांक ५०आर६२७ असा होता. कारखान्यातून बाहेर पडलेल्या या गाडीचा कमाल वेग ताशी सुमारे ५५ मैल, म्हणजे ८८ किलोमीटर होता. ती रोजच्या प्रवासाची, टिकाऊ व सांभाळण्यास सोपी गाडी म्हणून बनवली गेली होती, शर्यतीसाठी नव्हे.

मूळ इंजिन साइड-व्हॉल्व्ह पद्धतीचे होते. या पद्धतीत झडपा सिलिंडरच्या बाजूला बसवलेल्या असतात. त्यामुळे इंजिनाची रचना साधी राहते व उघडझाप करणे सोपे जाते. परंतु हवा आणि पेट्रोल यांच्या मिश्रणाला वळणावळणाने आत शिरावे लागते. ज्वलनकक्षही पसरट होतो आणि शक्तीवर मर्यादा येते. मन्रो यांना ही मर्यादा ओलांडायची होती.

दुरुस्ती व पुनर्बांधणी

मन्रो यांनी १९२६ साली स्काउटमध्ये बदल करण्यास सुरुवात केली. त्यांची आर्थिक स्थिती बेताची होती. दिवसा नोकरी करून ते रात्र-रात्र गाडीवर काम करीत. जुन्या डब्यांत वितळलेला धातू ओतून ते सुट्या भागांचे ओतकाम करीत. पिस्टन, सिलिंडर व फ्लायव्हील त्यांनी स्वतः घडवले. कनेक्टिंग रॉड त्यांनी ट्रॅक्टरच्या जुन्या आसाच्या पोलादातून हाताने कोरून काढले. सूक्ष्म मोजमापासाठी ते चाकाच्या जुन्या आरीचा उपयोग करीत.

झडपा सिलिंडरच्या माथ्यावर नेऊन त्यांनी इंजिन ओव्हरहेड-व्हॉल्व्ह पद्धतीचे केले व त्यासाठी चार कॅमची नवी रचना तयार केली. मूळ गाडीत इंजिनाची शक्ती क्लचपर्यंत दंतचक्रांद्वारे पोचत असे. त्या जागी तिहेरी साखळी आली. सिलिंडरचा व्यास वाढत जाऊन इंजिनाची क्षमता अखेरीस सुमारे ९५० घनसेंटिमीटर झाली. १९३६ सालच्या 'व्हेलोसेट एमएसएस' या दुसऱ्या गाडीवरही त्यांनी असेच प्रयोग केले.

इंजिनाच्या एका भागाची शक्ती वाढली की तिचा ताण पुढच्या भागावर येई आणि तो मोडे. मन्रो मोडलेला भाग तपासत, त्यात सुधारणा करीत आणि नवा भाग पुन्हा चालवून पाहत. निकामी झालेले पिस्टन, रॉड व अन्य भाग त्यांनी फेकून दिले नाहीत. वेगाच्या देवतेला वाहिलेला नैवेद्य म्हणून ते त्यांनी आपल्या शेडमधील फळीवर मांडून ठेवले होते. 'इंडियन'चे मूळ उत्पादन १९५३ साली बंद पडले, तोवर मन्रो यांच्या इंजिनाचे बहुतेक महत्त्वाचे भाग त्यांच्याच हातचे झाले होते.

या ध्यासाची किंमत संसारालाही मोजावी लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर पती-पत्नी विभक्त झाले व १९४७ साली त्यांचा घटस्फोट झाला. त्यानंतर मन्रो यांनी नोकरी सोडली आणि ते गाडीच्या गॅरेजमध्येच राहू लागले.

बॉनेव्हिल

अमेरिकेच्या युटा राज्यातील बॉनेव्हिल हे मिठाचे विस्तीर्ण सपाट मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे १,२८० मीटर उंचीवर आहे. तेथील विरळ हवेमुळे कार्ब्युरेटरची जुळणी नव्याने करावी लागते. मन्रो तेथे एकूण दहा वेळा गेले. पहिली भेट केवळ पाहणीसाठी होती. वाऱ्याचा विरोध कमी करण्यासाठी त्यांनी गाडीला निमुळते आवरण चढवले होते.

१९६२ साली ८५० घनसेंटिमीटरच्या इंजिनावर त्यांनी ८८३ घनसेंटिमीटर गटात ताशी सुमारे २८८ किलोमीटरचा विक्रम केला. १९६६ साली ९२० घनसेंटिमीटरच्या इंजिनावर त्यांचा वेग ताशी सुमारे २७० किलोमीटर नोंदवला गेला. १९६७ साली ९५० घनसेंटिमीटरच्या इंजिनावर त्यांनी १,००० घनसेंटिमीटरखालील गटात ताशी १८३.५८६ मैल, म्हणजे सुमारे २९५ किलोमीटरचा विक्रम केला. विक्रमासाठी परस्परविरुद्ध दिशांच्या दोन धावांची सरासरी धरली जाते. त्याच वर्षी पात्रता फेरीतील एका दिशेच्या धावेत त्यांनी ताशी १९०.०७ मैल, म्हणजे जवळपास ३०६ किलोमीटर वेग गाठला. 'इंडियन' मोटारसायकलीवर अधिकृतपणे नोंदला गेलेला तोवरचा हा सर्वाधिक वेग होता. त्या वेळी गाडी ४७ वर्षांची होती व तिचा वेग मूळ वेगाच्या तिपटीहून अधिक झाला होता.

१९६७ च्या एका धावेत अर्धे अंतर ओलांडल्यावर गाडी जोराने डगमगू लागली. वेग कमी करण्यासाठी मन्रो उठून बसले, तेव्हा वाऱ्याच्या झोताने त्यांचा चष्मा उडाला व त्यांना काही दिसेनासे झाले. मार्गदर्शक काळ्या रेषेपासून दूर गेलेली गाडी पोलादी खुणेच्या खांबाला थोडक्यात चुकली. अखेर त्यांनी ती आडवी पाडली. त्यांना किरकोळ खरचटण्यापलीकडे इजा झाली नाही.

अखेरची वर्षे

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मन्रो यांना हृदयविकाराचा त्रास होता. १९७७ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतर शरीराच्या हालचालींवर पूर्वीसारखा ताबा राहिला नाही. आपल्या दोन्ही गाड्या साउथलँड प्रांतातच राहाव्यात, अशी त्यांची इच्छा होती. म्हणून त्यांनी त्या इन्व्हरकार्गिल येथील ई. हेज अँड सन्सचे नॉर्मन हेज यांना विकल्या. ६ जानेवारी १९७८ रोजी वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

वारसा

न्यू झीलंडचे दिग्दर्शक रॉजर डोनाल्डसन यांनी १९७१ साली मन्रो यांच्यावर माहितीपट केला. २००५ साली त्यांनीच 'द वर्ल्ड्‌स फास्टेस्ट इंडियन' हा कथापट काढला. त्यात मन्रो यांची भूमिका अँथनी हॉपकिन्स यांनी केली. २००६ साली अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशनच्या हॉल ऑफ फेममध्ये मन्रो यांचा समावेश झाला. त्याच वर्षापासून साउथलँडमध्ये त्यांच्या नावाने मोटारसायकल स्पर्धा भरवली जाते.

१९६७ च्या विक्रमाच्या सरासरीत आकडेमोडीची चूक असल्याचे मन्रो यांच्या मुलाच्या लक्षात आले. २०१४ साली असोसिएशनने ती दुरुस्त करून विक्रमाची नोंद ताशी १८४.०८७ मैल, म्हणजे सुमारे २९६ किलोमीटर अशी केली. त्याच वर्षी 'इंडियन'च्या नव्या मालकांनी स्काउट हे नाव क्रूझर प्रकारच्या मोटारसायकलीला देऊन पुन्हा बाजारात आणले. विक्रमाच्या पन्नासाव्या वर्षी, २०१७ मध्ये, मन्रो यांच्या कुटुंबातील एका स्वाराने फेरबदल केलेली अशी स्काउट बॉनेव्हिलच्या मिठावर चालवली.