कान्होजी आंग्रे

कान्होजी तुकोजी आंग्रे (इ.स. १६६९ – इ.स. १७२९) हे मराठा आरमाराचे सरखेल होते. कुलाबा, सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग ही त्यांची प्रमुख ठाणी होत. पश्चिम किनाऱ्यावरील जहाजांना परवाने देण्याचा जो हक्क पोर्तुगीज सुमारे दोनशे वर्षे आपलाच मानत आले होते, तो कान्होजींच्या हयातीत नाममात्र उरला.

पूर्वायुष्य

घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून ते आंग्रे म्हणवू लागले. वडील तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होते. कान्होजींचे बालपण सुवर्णदुर्गाच्या परिसरात गेले. किल्लेदार किल्ला शत्रूच्या स्वाधीन करण्याच्या बेतात असता कान्होजींनी त्याला कैद करून किल्ला राखला, असे परंपरा सांगते.

सरखेल पद

इ.स. १६९८ मध्ये सिधोजी गुजर यांच्या निधनानंतर छत्रपती राजाराम यांनी कान्होजींना सरखेल केले. राजाराम यांच्या पश्चात ते ताराबाईंच्या पक्षात राहिले. शाहूंनी त्यांच्यावर धाडलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच त्यांनी कैद केले. इ.स. १७१३ मध्ये पेशवेपदावर आलेल्या बाळाजी विश्वनाथ यांनी तलवार न उपसता हा पेच सोडवला. कान्होजी शाहूंना मिळाले, पिंगळे सुटले आणि सरखेलपद व किनाऱ्यावरील किल्ले कान्होजींकडे कायम झाले. पुढील घडामोडी पाहता या तहाचे मोल फार मोठे आहे.

कार्ताझ आणि दस्तक

सोळाव्या शतकापासून अरबी समुद्रात व्यापारी गलबतास पोर्तुगीजांचा कार्ताझ, म्हणजे परवाना, घ्यावा लागे. तो नसल्यास जहाज व माल जप्त होई. ही सत्ता सतराव्या शतकात एकेका ठिकाणी खचली. होर्मुझ १६२२ मध्ये, मस्कत १६५० मध्ये आणि कोची १६६३ मध्ये त्यांच्या हातून गेले. मुंबई त्यांनी आंदणात इंग्रजांच्या राजाला दिली. तरी चौल-रेवदंडा, कोर्लई व वसई त्यांच्याकडेच होती. कुलाब्यापासून रेवदंडा अवघ्या काही कोसांवर आहे. त्यांच्या दाराशीच कान्होजींनी आपला दस्तक सुरू केला. जकात भरून दस्तक घेणाऱ्यास अभय, न घेणाऱ्याचे जहाज जप्त, असा शिरस्ता होता. युरोपीय कागदपत्रे कान्होजींना चाचा म्हणतात. परंतु पोर्तुगीज जो नियम लावीत, तोच कान्होजींनी लावला, आणि तोही आपल्या राजाच्या किनाऱ्यावर.

त्यांच्या आरमारात गुराबा व गलबते असत. उथळ पाण्यात चालणारी आणि वारा पडला तरी वल्ह्यांवर हाकता येणारी गलबते खाड्यांतून बाहेर पडून अवजड जहाजांस घेरीत. युरोपीय खलाशीही त्यांच्या चाकरीत होते.

इ.स. १७१२ मध्ये त्यांनी मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरची नौका पकडली. गव्हर्नर चार्ल्स बून याने विजयदुर्ग व खांदेरी येथे केलेले हल्लेही फसले.

कुलाब्याची मोहीम (१७२१-२२)

अखेर इंग्रज व पोर्तुगीज एकत्र आले. एकमेकांचा हेवा करणाऱ्या या दोन सत्तांना एकत्र यावे लागले, यातच पोर्तुगीजांच्या दुबळेपणाची कबुली होती. इ.स. १७२१ च्या अखेरीस दोघांचे सैन्य चौलजवळ जमून कुलाब्यावर चालून आले. इंग्रज राजाची युद्धनौकाही कमोडोर थॉमस मॅथ्यूज याच्या हाताखाली आल्या होत्या. कुलाबा किल्ला भरतीच्या वेळी पाण्याने वेढलेला असतो. ओहोटीत मात्र अलिबागहून पायी जाता येते. शिड्या लावून केलेली चढाई मराठ्यांनी परतवली. मॅथ्यूज स्वतः भाल्याने जखमी झाला. अपयशाचा दोष दोन्ही मित्र एकमेकांना देऊ लागले.

एवढ्यात शाहूंच्या आज्ञेने पेशवे बाजीराव फौज घेऊन आले. जमिनीवरून मराठा घोडदळ पाहताच पोर्तुगीजांनी इंग्रजांना बाजूस ठेवून जानेवारी १७२२ मध्ये बाजीरावांशी स्वतंत्र तह केला. इंग्रज चडफडत मुंबईस परतले. कुलाबा कान्होजींकडेच राहिला. इ.स. १७२४ मध्ये डचांनी विजयदुर्गावर केलेला हल्लाही निष्फळ ठरला.

मृत्यू आणि पश्चात

कान्होजींचे निधन इ.स. १७२९ मध्ये झाले. त्यांची समाधी अलिबाग येथे आहे. थोरले पुत्र सेखोजी यांनी काही वर्षे दौलत सांभाळली, इ.स. १७३३ मध्ये ते वारल्यावर संभाजी व मानाजी या भावांत वाद होऊन दौलत विभागली गेली. चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये वसई घेतली आणि १७४० च्या तहाने रेवदंडा व कोर्लईही पोर्तुगीजांनी सोडले. उत्तर कोकणात त्यांचे केवळ दमण उरले.

भाऊबंदकीचा लाभ मात्र इंग्रजांना झाला. पेशवे व आंग्रे यांच्यातील वैरामुळे फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशव्यांच्याच साहाय्याने इंग्रजांनी तुळाजी आंग्रे यांचा विजयदुर्ग घेतला व तेथील आरमार जाळले. कुलाब्याचे आंग्रे संस्थान इ.स. १८४० मध्ये कंपनी सरकारने खालसा केले. मुंबईतील भारतीय नौदलाच्या तळास आयएनएस आंग्रे हे नाव आहे.