कारखान्याचे वारस

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात हर्शी नावाचे एक टुमदार गाव आहे. तेथील एका प्रमुख रस्त्याचे नाव चॉकलेट मार्ग असे असून, त्यावरील दिवे चॉकलेटच्या टोकदार गोळ्यांच्या आकाराचे आहेत. हे गाव ज्याच्या नावाने ओळखले जाते, त्या मिल्टन हर्शीने चॉकलेटच्या धंद्यात अपार संपत्ती मिळविली. परंतु त्याची खरी कीर्ती संपत्ती मिळविण्यात नाही. ती कोणाच्या स्वाधीन केली यात आहे.

मिल्टनचा जन्म १३ सप्टेंबर १८५७ रोजी पेनसिल्व्हेनियातील एका शेतकरी कुटुंबात झाला. वडील हेन्री हे मोठे कल्पक, पण अस्थिर वृत्तीचे होते. आज हा धंदा, उद्या तो, असे त्यांचे चाले. हाती घेतलेले एकही काम तडीस जात नसे. आई फॅनी मात्र अत्यंत कष्टाळू, काटकसरी आणि धर्मशील होती. घरात पैशाची सदैव ओढाताण असे. वडिलांच्या भ्रमंतीमुळे मिल्टनला एकामागून एक शाळा बदलाव्या लागल्या आणि चौथ्या इयत्तेबरोबरच त्याचे शिक्षण संपले. धाकटी बहीण लहानपणीच वारली. पुढे आईवडीलही निरनिराळे राहू लागले. दारिद्र्य कसे असते आणि मोडलेल्या घरातील मुलाचे मन कसे असते, याचा अनुभव त्याने कोवळ्या वयातच घेतला.

प्रथम त्याला एका छापखान्यात उमेदवारीस ठेवण्यात आले. तेथे त्याचे मन रमेना. एके दिवशी त्याच्या हातून टोपी यंत्रात पडली आणि ती उमेदवारी संपुष्टात आली, असे सांगतात. त्यानंतर आईने त्याला लँकेस्टर शहरातील एका मिठाईवाल्याकडे धाडले. साखरेचा पाक कधी उतरवावा, कढईखालचा जाळ कधी कमी करावा, हे त्याने तेथे चार वर्षे मन लावून शिकून घेतले.

१८७६ साली, वयाच्या अवघ्या अठराव्या वर्षी, मिल्टनने फिलाडेल्फिया शहरात स्वतःचे दुकान थाटले. रात्री तो मिठाई करी आणि दिवसा विकी. आई आणि मावशी गोळ्या कागदात गुंडाळीत बसत. सहा वर्षे राबूनही अखेर दुकान बुडाले. मग तो दूर पश्चिमेकडे डेन्व्हर येथे गेला. तेथे एका मिठाईवाल्याकडे नोकरी करीत असता त्याला एक मोलाची गोष्ट समजली. कॅरमेल नावाच्या मऊ वड्यांमध्ये ताजे दूध घातले, तर त्या अधिक रुचकर होतात आणि अधिक काळ टिकतात. ही विद्या घेऊन त्याने न्यूयॉर्क गाठले व पुन्हा धंदा मांडला. तोही १८८६ साली बुडाला.

अंगावरच्या कपड्यांनिशी तो लँकेस्टरला परतला. वडिलांप्रमाणेच हाही उडाणटप्पू निघाला, असे समजून बहुतेक नातलगांनी पाठ फिरविली. अशा वेळी लेब्किचर नावाचा एक जुना सहकारी मदतीस धावला. आई आणि मावशी तर पाठीशी होत्याच. मिल्टनने पुन्हा चुलीवर कढई चढविली. दुधाचे कॅरमेल हळूहळू लोकांना आवडू लागले. इंग्लंडमधील एका व्यापाऱ्याने मोठी मागणी नोंदविली. ती पुरी करण्यासाठी त्याने बँकेचे कर्ज काढले आणि लंडनहून पाचशे पौंडांचा चेक आला तेव्हा ते फेडले. तेथून त्याचे दिवस पालटले. थोड्याच वर्षांत त्याच्या कारखान्यांतून हजाराहून अधिक माणसे काम करू लागली.

१८९३ साली शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात त्याने चॉकलेट तयार करणारी जर्मन यंत्रे पाहिली आणि तत्काळ विकत घेतली. त्या काळी दुधाचे चॉकलेट हे श्रीमंतांचे खाद्य होते आणि ते करण्याची कृती युरोपातील कारखानदार गुप्त ठेवीत. ही गोष्ट सोपी नव्हती. दुधात पाणी फार, तर चॉकलेटमध्ये कोकोची चरबी फार. पाणी आणि चरबी एकमेकांत मिसळत नाहीत. पाणी आटवावे तर दूध करपते. हर्शीने आणि त्याच्या माणसांनी अनेक रात्री जागून अनेक कढया वाया घालविल्या. शेवटी मंद आचेवर दूध आणि साखर आटविण्याची युक्ती साधली. १९०० साली त्याने कॅरमेलचा चालता धंदा दहा लाख डॉलरांना विकून टाकला व सारे लक्ष चॉकलेटवर केंद्रित केले. जन्मगावाजवळ, दुभत्या गाईंच्या कुरणांच्या मध्यभागी त्याने मोठा कारखाना बांधला. १९०५ साली तो तयार झाला. अवघ्या पाच सेंटांत मिळणारी चॉकलेटची वडी आता सामान्य मजुराच्या मुलालाही घेता येऊ लागली. कारखान्याभोवती कामगारांसाठी घरे, बाग, शाळा आणि ट्रामगाडी यांसह एक गावच उभे राहिले.

ऐश्वर्य आले, पण घरात मूल नव्हते. १८९८ साली हर्शीचा कॅथरीन या तरुणीशी विवाह झाला होता. दोघांचे एकमेकांवर अतिशय प्रेम होते. मात्र कॅथरीनची प्रकृती पुढे खालावत गेली आणि आपल्याला अपत्य होणार नाही हे दोघांनाही कळून चुकले. अशा प्रसंगी कित्येक माणसे नशिबाला दोष देत बसतात. या पतिपत्नींनी निराळा विचार केला. ज्यांना मूल नाही असे आपण आहोत आणि ज्यांना घर नाही अशी मुलेही जगात आहेत; मग दोघांची गाठ का घालू नये?

१५ नोव्हेंबर १९०९ रोजी दोघांनी एका दानपत्रावर सह्या केल्या. पोरक्या मुलांच्या शाळेसाठी त्यांनी ४८६ एकर जमीन दिली आणि दानाचा कारभार पाहण्यासाठी विश्वस्त नेमले. १९१० साली पहिली मुले दाखल झाली. हर्शीचा जन्म ज्या घरात झाला, तेच या शाळेचे पहिले घर ठरले. मुलांना तेथे अन्नवस्त्र तर मिळेच, पण तेवढ्यावर भागत नसे. ती शेतघरांतून लहान लहान गटांनी राहत. पहाटे उठून गाईंचे दूध काढीत, शाळेत शिकत आणि एखादा हातधंदा आत्मसात करीत. शिक्षण पुरे करून बाहेर पडणाऱ्या मुलास कपडे आणि शंभर डॉलर देण्याची प्रथा होती. आपल्याप्रमाणे कोणाचे शिक्षण अर्ध्यावर तुटू नये, अशी हर्शीची तळमळ होती.

१९१५ साली कॅथरीनचे निधन झाले. हर्शीला हा आघात फार मोठा होता. त्यानंतर तीन वर्षांनी, १९१८ साली, त्याने जे केले त्याला धंद्याच्या इतिहासात फारशी जोड सापडत नाही. चॉकलेट कंपनीचे आपल्या मालकीचे शेअर त्याने शाळेच्या विश्वस्त निधीला देऊन टाकले. त्यांची किंमत सुमारे सहा कोटी डॉलर होती.

या दानातील मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. झाडाची चार फळे दान करणारे पुष्कळ असतात. हर्शीने झाडच देऊन टाकले. कारखान्यात चॉकलेट तयार व्हावे, ते विकले जावे, नफ्याचा वाटा निधीत यावा आणि त्यातून मुलांचे पालनपोषण व्हावे, अशी ही योजना होती. मूळ मालमत्ता कायम राहावी आणि तिचे उत्पन्न तेवढे खर्च व्हावे, असा तिचा आधार होता. त्यामुळे दात्याच्या मृत्यूनंतरही दान संपणार नव्हते. विशेष म्हणजे, या गोष्टीचा त्याने डांगोरा पिटला नाही. जगाला ती वर्तमानपत्रांतून कळली, ती पाच वर्षांनंतर, १९२३ साली.

चॉकलेटसाठी लागणारी साखर मिळविण्याकरिता हर्शीने क्यूबा बेटावर साखरेचे कारखाने आणि रेल्वे उभारली होती. तेथे १९२३ साली आगगाडीचा भीषण अपघात होऊन अनेक माणसे दगावली. तेव्हा त्याने त्या परमुलखातील पोरक्या मुलांसाठीही शाळा काढली.

इतके असूनही हे दान निर्दोष नव्हते. १९०९ च्या दानपत्रात केवळ गौरवर्णीय मुलग्यांनाच प्रवेश ठेवला होता. त्या काळच्या अमेरिकेतील वर्णभेदाची छाया या उदार मनावरही पडली होती. भूक वर्ण पाहून लागत नाही, आणि आईवडिलांवाचून राहिलेल्या मुलीचे दुःख मुलाच्या दुःखाहून कमी नसते. ही चूक सुधारण्यास फार काळ लागला. १९६८ साली इतर वर्णांच्या मुलांना आणि १९७७ साली मुलींना त्या शाळेचे दार उघडले.

वृद्धपणी हर्शीने आपला प्रशस्त वाडाही एका क्लबाच्या स्वाधीन केला आणि स्वतःकडे वरच्या मजल्यावरील दोन खोल्या तेवढ्या ठेवल्या. १३ ऑक्टोबर १९४५ रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, त्याने इहलोकीची यात्रा संपविली. त्याला खांदा देण्यास पोटचा मुलगा नव्हता. परंतु शाळेच्या वरच्या वर्गातील मुले पुढे झाली आणि त्यांनी आपल्या या पित्याची शवपेटी उचलली.

आज त्या शाळेत सुमारे दोन हजार मुलेमुली विनामूल्य राहून शिकत आहेत. चॉकलेटची गोडी जिभेवर क्षणभर राहते. पण त्या गोडीतून एका निपुत्रिक माणसाने निर्माण केलेला आसरा शंभराहून अधिक वर्षे टिकून आहे.