बैल हाकणारा कावसजी

प्लास्टिक सर्जरीत प्लास्टिक बसवतात का, असं पोरं विचारतात. त्यांना कावसजीची गोष्ट सांगा.

कावसजी शेतकरी कुळातला मराठा. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायचा. १७९२ च्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. तसाच तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. कंपनीनं पेन्शन दिली. पण पेन्शनीनं तोंड कसं दाखवता येणार? नाक कापलं जाणं म्हणजे अब्रू जाणं, असं आपण सहज बोलतो. त्यानं ते वर्षभर चेहऱ्यावर वागवलं.

मग पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला नवं नाक करून दिलं. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवला, मग सपाट करून कपाळावर ठेवला, कडेनं रेघ ओढली. तेवढी कातडी सोडवली, पण भुवयांच्या मधली एक पट्टी जोडलेलीच ठेवली आणि कातडी खाली वळवून बसवली. त्यावर पाण्यात कालवलेल्या काताची फडकी, चार दिवसांनी तुपाचं फडकं. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास पट्टी कापली. सगळी अक्कल त्या पट्टीत आहे बघा! तिच्यातून रक्त येत राहतं, म्हणून कातडी जगते.

१७९४ साली लंडनच्या जेंटलमन्स मॅगझीनमध्ये हे छापून आलं. ते वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ साली लंडनमध्ये तसंच नाक केलं. कावसजीचं नाव छापलं गेलं, त्या कारागिराचं नाही. मला हे खटकतं.

आता आपल्या धाराशिवकडं या. दिवसभर उन्हात राबणारी, ओठात तंबाखू धरणारी माणसं घरोघर आहेत. खालच्या ओठावरची जखम महिना झाला तरी भरत नाही, तरी ती दवाखान्यात जात नाहीत. ओठ कापला तर चारचौघांत जेवायचं कसं, ही धास्ती. त्यांना सांगा, कॅन्सरची गाठ काढल्यावर लहान खाच नुसती शिवून भागते. मोठी असेल तर वरच्या ओठाचा किंवा गालाचा तुकडा वळवून बसवतात. वरच्या ओठाचा घेतला, तर त्याचा देठ जोडलेलाच ठेवतात. दोन-तीन आठवडे तोंड पुरतं उघडत नाही, पेज-वरणाच्या पाण्यावर राहावं लागतं. मग देठ कापतात, कावसजीची पट्टी कापली तसाच.