शेठची मेहेरबानी नको, हक्काची सुट्टी हवी: नारायण मेघाजी लोखंडे

ईद जवळ आली की आपल्या कितीतरी घरांत तोच विषय निघतो. शेठ सुट्टी देईल की नाही? दिली तर पगार कापेल का? जुम्म्याच्या नमाजला तासभर बाहेर सोडतील का? ज्या माणसामुळे या मुंबईत सुट्टी नावाची गोष्ट मालकाच्या मर्जीतून सुटून कायद्यात आली, त्याचं नाव मात्र आपल्या घरांत फारसं घेतलं जात नाही. म्हणून आज आम्ही नारायण मेघाजी लोखंडे यांच्याबद्दल लिहितो आहोत.

लोखंडे यांचा जन्म 1848 सालचा, ठाण्याचा. घर गरीब, फुलमाळी समाजाचं. मॅट्रिकपर्यंत शिकले, मग रेल्वेत आणि पोस्टात नोकरी केली. त्यानंतर मांडवीच्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. आमच्या मते त्यांचं खरं शिक्षण इथेच झालं. मजूर पहाटे आत जातो आणि सूर्य मावळल्यावर बाहेर पडतो, हे त्यांनी रोज पाहिलं. तेव्हा गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते, त्यामुळे उजेड असेपर्यंत काम हाच नियम. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणजे कामही तेरा-चौदा तास. आठवड्याला ठरलेली सुट्टी नाही. सणावारी गिरणी बंद राहायची, पण कधी ठेवायची ते मालक ठरवणार. एखाद्या रविवारी इंजिन थांबलं तरी यंत्रं पुसायला मजुरांना बोलावलं जाई.

1881 साली पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्यात सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा आणि महिन्याला चार सुट्ट्या मिळाल्या. मोठ्या माणसांसाठी काहीच नाही. त्याच्या आदल्या वर्षी लोखंडेंनी जोतिराव फुल्यांच्या सत्यशोधक विचारांचं ‘दीनबंधु’ हे पत्र मुंबईत चालवायला घेतलं होतं. नोकरी सोडून ते मजुरांच्या कामाला लागले.

सप्टेंबर 1884 मध्ये परळच्या सुपारीबागेत त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या आज वाचल्या तर फार साध्या वाटतात. दर रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, त्यापुढे नाही. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, आणि कायमचा अपंग झाला तर पोटापाण्याची सोय. कामावरच्या दुखापतीची भरपाई म्हणतात ती हीच, आणि मागितली तेव्हा साल होतं 1884!

मालकांचं म्हणणं काय होतं? हिंदू-मुसलमान मजुरांना सणांच्या सुट्ट्या मिळतातच, मग ख्रिस्ती लोकांचा रविवार कशाला? वरवर रास्त वाटणारा मुद्दा, पण त्यात मेख होती. सणाची सुट्टी किती, कधी आणि कुणाच्या सणाची, हे सगळं मालकाच्या हातात राहत होतं. लोखंडेंना ठरलेला दिवस हवा होता. रविवार हा खंडोबाचा वार, असं ते हिंदू मजुरांना समजावत.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनाही हिंदुस्थानात फॅक्टरी कायदा हवा होता, तो मजुरांच्या प्रेमापोटी नव्हे, तर मुंबईचं कापड महाग व्हावं म्हणून. त्यामुळे राष्ट्रीय म्हणवणारी बरीच वर्तमानपत्रं कायद्याच्या विरोधात गेली. लोखंडेंची अडचण समजण्यासारखी होती. तरी ते मजुराच्या बाजूनेच राहिले, आणि आम्हाला त्यांचा हा निर्णय बरोबर वाटतो.

24 एप्रिल 1890 रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन बाया सभेत बोलायला उभ्या राहिल्या. 10 जून 1890 ला गिरणीमालक संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली. पण मान्य केली म्हणजे मालकांनी दिली, आणि दिलेलं परतही घेता येतं. पुढच्याच वर्षी, 1891 च्या कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली तेव्हा ती हक्काची झाली. बायकांना अकरा तासांची मर्यादा मिळाली, पुरुषांचे तास मात्र मोकळेच राहिले. पगारी रजा तर कुठेच नव्हती. ती कारखान्यांच्या कायद्यात यायला 1945 उजाडलं, तेव्हा मजूर खातं डॉ. आंबेडकरांकडे होतं.

महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकानं व आस्थापना कायद्यात तोच जुना पेच वेगळ्या रूपात दिसतो. दुकान वर्षभर उघडं ठेवायची मालकाला मुभा, पण प्रत्येक कामगाराला आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी द्यायलाच हवी. तो दिवस रविवारच असला पाहिजे असं नाही. मालेगावचे माग शुक्रवारी बंद असतातच. वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. त्यातल्या चार ठरलेल्या: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी मिळून ठरवायच्या. आपल्या दोन्ही ईद बसतात त्या याच चारांत, आणि नेमक्या या बोलणीच्या वेळी आपली पोरं गप्प बसतात. चंद्रावर तारीख हलते, तेव्हा तसं आधीच लिहून घेतलेलं बरं.

लोखंडेंच्या आयुष्यातला अजून एक प्रसंग आपल्याशी थेट जोडलेला आहे. 11 ऑगस्ट 1893, शुक्रवार. जुम्म्याच्या नमाजनंतर जुम्मा मशिदीजवळ दंगल पेटली आणि दुसऱ्या दिवशी गिरणी कामगारही तिच्यात उतरले. म्हणजे लोखंडेंचीच माणसं. ज्यांना त्यांनी हक्कासाठी एकत्र केलं होतं, तेच आता शेजाऱ्यावर धावत होते. अशा वेळी पुढारी बहुधा आपल्या माणसांच्या मागे उभा राहतो किंवा घरात बसतो. लोखंडेंनी राणीच्या बागेत सभा भरवून हिंदू-मुसलमान सलोख्यासाठी कामगारांना समजावलं. पुढे सरकारने त्यांना रावबहादूर किताब दिला.

1896 च्या शेवटी मुंबईत प्लेग शिरला. ज्यांना परवडत होतं ते शहर सोडून गेले. लोखंडे रोग्यांच्या सेवेत राहिले, त्यांनाच प्लेग झाला, आणि 9 फेब्रुवारी 1897 ला ते गेले. तेव्हा त्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती. महिनाभरातच पुण्यात सावित्रीबाई फुलेही प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. 2005 साली लोखंडेंच्या नावाने टपाल तिकीट निघालं.