शाळा अंगणात नेणाऱ्या ताराबाई

मूल शाळेत येत नसेल तर दोष कोणाचा, या प्रश्नाला आपल्याकडे दीर्घकाळ एकच उत्तर दिले गेले : पालकांचा. सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये बडोदे संस्थानात आणि शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा मुलाला शाळेपासून दूर ठेवणाऱ्या पालकास दंडाची तरतूद होती. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्यानेही तीच वाट धरली. त्या त्या काळात हे कायदे पुरोगामीच होते. परंतु दंड भरण्यासाठीही गाठीला काही असावे लागते, आणि ज्याच्या घरी संध्याकाळची पेज मुलाच्या कामावर अवलंबून आहे त्याला धाकाचा उपयोग नसतो. ताराबाई मोडक यांचे आयुष्य या अडचणीच्या मुळाशी जाण्यात खर्ची पडले.

मुंबईत १९ एप्रिल १८९२ रोजी जन्मलेल्या ताराबाई प्रार्थना समाजाच्या सुधारकी वातावरणात वाढल्या. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे त्या समाजाचे कार्यकर्ते. मुलींचे शिक्षण हीच नवलाई होती, अशा काळात १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. वैवाहिक जीवन सुखाचे झाले नाही. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. मानाची आणि स्थिर अशी ती नोकरी होती. ती सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या, त्याचे अनेकांना आश्चर्य वाटले असणार.

भावनगरात गिजुभाई मॉन्टेसरी पद्धतीला भारतीय रूप देत होते. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. 'शिक्षणपत्रिका' मराठीत आणण्याचे काम ताराबाईंनी केले. या मासिकाचा रोख शिक्षकांइतकाच आईबापांवरही होता. मुलाला मारू नये, धाक दाखवू नये, त्याच्या हातांना काम द्यावे, हे सांगणे आज साधे वाटते. छडी हेच शिक्षणाचे साधन मानणाऱ्या समाजात तसे नव्हते. १९३६ मध्ये मुंबईत दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केले. तेथे येणारी मुले बहुतांशी सुशिक्षित मध्यमवर्गाची. त्या पालकांना मुलाला शाळेत पाठवण्याचा आग्रह करावा लागत नव्हता. घाई करू नका, एवढेच समजवावे लागे.

खरी कसोटी पुढे लागली. गिजुभाई १९३९ मध्ये गेले. बालशिक्षण खेड्यापर्यंत, गरिबातल्या गरिबाच्या झोपडीपर्यंत न्यावे, ही ओढ ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. १९४५ च्या डिसेंबरात डहाणूजवळच्या बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. त्यांचे वय तेव्हा ५३. सोबतीला आल्या अनुताई वाघ, बालविधवा, पुण्यातील शिक्षिकेची नोकरी सोडून आलेल्या. याच वर्षी या परिसरातील वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले होते. जमीनदाराच्या शेतावर राबणाऱ्या या माणसांचा पांढऱ्या कपड्यांतल्या कोणावरही विश्वास बसण्याचे कारण नव्हते.

बोर्डीत प्रथम नेहमीच्या रीतीने बालवाडी भरवण्यात आली. गरीब वस्तीतील मुले तेथे येईनात. वाट पाहून किंवा बोलावून उपयोग होईना, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच वस्तीत नेली. कोणाच्या तरी झोपडीपुढचे अंगण झाडायचे, मुले जमवायची, त्यांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, मग गाणी आणि खेळ. हीच अंगणवाडी. हा नुसता जागेचा बदल नव्हता. सारे आईच्या डोळ्यांदेखत चाले. आपल्या मुलाचे ही माणसे काय करतात, हे तिला दिसत होते. ती हातातले काम टाकून क्षणभर थांबे, पुढे मुलाला स्वतःच स्वच्छ करून पाठवी. उपदेशाने जे झाले नसते ते या उघडेपणाने झाले. मॉन्टेसरीची महागडी साधने येथे परवडणारी नव्हती. त्यांची जागा बिया, पाने, खडे आणि शिंपल्यांनी घेतली.

१९५७ मध्ये केंद्र कोसबादच्या टेकडीवर गेले. येथे अडचण अधिक बिकट होती. आई-वडील मजुरीला गेले की तान्ह्या भावंडाला सांभाळण्याचे काम सात-आठ वर्षांच्या मुलीकडे येई. ती शाळेत आली तर बाळाचे काय? यावर तोड म्हणजे विकासवाडी : पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. मुलीने बाळ कडेवर घेऊनच यावे, त्याला पाळण्यात ठेवावे आणि आपल्या वर्गात जाऊन बसावे. आईची गैरसोय नाही, मुलीचे शिक्षणही अडत नाही. हजेरीच्या प्रश्नावर आपल्याकडे जे उपाय झाले, त्यांत इतका साधा आणि इतका नेमका उपाय क्वचितच सापडेल.

मुलग्यांची गोष्ट वेगळी. ते सकाळी गुरे घेऊन रानात जात. त्यांच्यासाठी शिक्षकाने कुरणात जायचे ठरले आणि कुरणशाळा सुरू झाली. गुरे चरत असताना झाडाखाली अक्षरओळख, मोजणी, गोष्टी. दिवसभर कामात असणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग होते. कुरणशाळेला मर्यादा होत्याच. मूठभर मुलांमागे रानात हिंडणारा शिक्षक सरकारी यंत्रणेला परवडणे कठीण, आणि त्यासाठी लागणारी चिकाटी आदेशाने निर्माण होत नाही. तरीही तिच्यामागचा विचार निर्विवाद होता. वारली बाप मुलाच्या शिक्षणाचा वैरी नव्हता. त्याच्यापुढे शाळा की पोट असा पेच होता, आणि तो सोडवण्याची जबाबदारी ताराबाईंनी शाळेवर टाकली. पालकांकडून त्यांनी मागितले ते थोडेच : अंगण, परवानगी, आणि मुलीला बाळासकट घराबाहेर पडू देणे. तेवढे पुष्कळांनी दिले.

या कामाची दखल शासनाने घेतली. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. त्याआधी १९४६ ते १९५१ या काळात त्या मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. पण त्यांची ओळख राहिली ती कोसबादचीच. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या गावोगावच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. कोसबादचे काम पुढे अनुताईंनी सांभाळले, १९९२ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत.