बारावीच्या केमिस्ट्रीतला वुर्ट्झ आणि बाइकमधलं कूलंट

अकरावी-बारावीला सायन्स घेतलं असेल तर 'वुर्ट्झ रिअ‍ॅक्शन' नक्की पाठ केली असेल. सोडियम वापरून कार्बनच्या दोन छोट्या साखळ्या जोडायच्या, तीच. याच वुर्ट्झने बनवलेला आणखी एक पदार्थ आज चारकोपमध्ये बाइकचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतो: एथिलीन ग्लायकॉल. कूलंट आणि अँटिफ्रीझमधला हा नेहमीचा मुख्य घटक.

डॉक्टर, पण लॅबमधला

शार्ल-अदोल्फ वुर्ट्झ यांचा जन्म १८१७ चा, फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहराजवळचा. वडील पाद्री. मुलाने धर्मशास्त्र शिकावं अशी त्यांची इच्छा होती, पण शेवटी मेडिकलवर तडजोड झाली. १८४३ मध्ये वुर्ट्झ डॉक्टर झाले, मन मात्र केमिस्ट्रीत होतं. जर्मनीत लीबिग यांच्याकडे शिकून ते पॅरिसला गेले. १८४९ मध्ये त्यांनी अमाइन्स शोधली, १८५५ मध्ये ती प्रसिद्ध रिअ‍ॅक्शन आणि १८५६ मध्ये ग्लायकॉल.

पुढे त्यांनी ग्लायकॉलचं ऑक्सिडेशन करून पाहिलं आणि ग्लायकॉलिक अ‍ॅसिड मिळवलं. हे लक्षात ठेवा, कारण आपलं लिव्हर नेमकं हेच करतं.

पोटात गेलं तर?

ग्लायकॉल चवीला गोड असतं. सुरुवातीच्या काही तासांत माणूस फक्त दारू प्यायल्यासारखा वाटतो. तोवर लिव्हरमधलं एक एन्झाइम त्याचं ग्लायकॉलिक अ‍ॅसिड करू लागतं आणि रक्त आम्लधर्मी होतं. त्यातूनच पुढे ऑक्झॅलिक अ‍ॅसिड तयार होतं. ते कॅल्शियमला चिकटतं आणि त्याचे बारीक स्फटिक किडनीच्या नळ्यांमध्ये साचतात. साधारण एक ते तीन दिवसांत लघवी कमी होते, कधी बंदही पडते.

म्हणजे किती प्यायलं हे महत्त्वाचं आहेच, पण उपचार कधी सुरू झाले हे त्याहून निर्णायक ठरू शकतं. अ‍ॅसिड बनण्याआधी ते एन्झाइम अडवलं, तर किडनी वाचू शकते. त्यासाठी फोमेपिझोल हे औषध आहे. ते नसेल तर डॉक्टर मोजून इथेनॉल देतात (हा प्रयोग घरी अजिबात करायचा नाही). अ‍ॅसिड वाढलेलं असेल तर डायलिसिस लागतं. जे वाचतात त्यांच्यापैकी बहुतेकांची किडनी पुन्हा काम करू लागते, पण त्याला आठवडे किंवा महिनेही लागू शकतात.

वुर्ट्झ यांच्यानंतर

पॅरिसच्या मेडिकल फॅकल्टीचे डीन असताना वुर्ट्झ यांनी मुलींच्या प्रवेशाला पाठिंबा दिला. १८८४ मध्ये ते वारले. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांमध्ये त्यांचंही नाव आहे. ग्लायकॉल गाड्यांच्या रेडिएटरमध्ये पोहोचलं ते विसाव्या शतकात, त्यामुळे त्याचा हा उपयोग त्यांनी पाहिलाच नाही.

याच घराण्यातल्या डायएथिलीन ग्लायकॉलने आपल्या मुंबईतही जीव घेतले. १९८६ मध्ये जे. जे. हॉस्पिटलमध्ये पेशंटना औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये ते मिसळलेलं होतं. किडनी निकामी होऊन १४ जण गेले. या पदार्थाचं शरीरात वेगळं अ‍ॅसिड बनतं, पण फटका किडनीलाच बसतो. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाच्या चौकशीत औषध खरेदी आणि तपासणीतला गैरकारभार बाहेर आला. बाटलीत खरंच काय आहे याची वेळेत तपासणी झाली असती, तर ते लोक वाचले असते.

एवढं करा

उरलेलं कूलंट कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीच भरू नका. लहान मूल असो वा कुत्रा-मांजर, गोड चवीला कोणीही फसतं. कोणाच्या पोटात गेलंच, तर त्रास सुरू व्हायची वाट पाहू नका. उलटी करायला लावू नका. १०८ ला फोन करा आणि मूळ डब्याच्या लेबलचा फोटो काढून ठेवा. हॉस्पिटलमध्ये किती वाजता आणि अंदाजे किती प्यायलं हे सांगा. डॉक्टरांना पहिल्यांदा हेच हवं असतं.