संत फ्रान्सिस झेवियर : परक्या बेटावरील नाताळ

संत फ्रान्सिस झेवियर यांचें नांव आपल्या घराघरांतून आदरानें घेतलें जातें. त्यांनीं दिलेले सहस्रावधि बाप्तिस्मे, जपानचा प्रवास, चीनच्या दारांतील मृत्यु व गोव्यांतील पवित्र अवशेष यांविषयीं आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु हिंदुस्थानच्या भूमीवर पाऊल ठेवण्यापूर्वीं त्यांनीं एका परक्या बेटावर जे सहा महिने काढले, त्यांची कथा क्वचितच सांगितली जाते. ज्युबिलीच्या ह्या मंगल समयीं तीच वाचकांपुढें ठेवीत आहें.

फ्रान्सिस यांचा जन्म ७ एप्रिल १५०६ रोजीं नाव्हार राज्यांतील झेवियरच्या गढींत, एका मानी घराण्यांत झाला. पॅरिसच्या विद्यापीठांत मोठेपणाचीं स्वप्नें पाहात असतांना संत इग्नेशियस यांची गांठ पडली आणि आयुष्याची दिशा पालटली. पुढें पोर्तुगालच्या राजानें हिंदुस्थानासाठीं धर्मगुरू मागितले. त्या कामीं नेमलेले फादर ऐन वेळीं आजारी पडले, आणि फ्रान्सिस यांस बोलावणें आलें. ७ एप्रिल १५४१ रोजीं, वयाचीं पस्तीस वर्षें पूर्ण झालीं त्याच दिवशीं, त्यांनीं लिस्बन सोडलें. परमगुरु पोप यांचे प्रतिनिधि असूनही त्यांनीं सोबत चाकर नेण्याचें नाकारलें. आपले कपडे ते स्वतःच धूत. दोन महिने त्यांना समुद्र लागला होता. गिनीच्या किनाऱ्यालगत वारा पडला आणि गलबतें चाळीस दिवस खोळंबलीं.

ह्या विलंबाचें फळ पुढें भोगावें लागलें. समुद्रावर पोट भरणाऱ्या आपल्या बांधवांस हें सांगावयास नको कीं, वारा कोणासाठीं थांबत नाहीं. उन्हाळा सरतां सरतां गलबतें आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मोझांबिक बेटास लागलीं, तों हिंदुस्थानाकडे नेणारा मोसमी वारा हातचा गेला होता. आतां पुढील वर्षापर्यंत तेथेंच राहणें प्राप्त होतें. ज्या भूमीसाठीं घरदार सोडलें ती समोर असून दूर राहिली.

तें बेट म्हणजे पोवळ्याच्या खडकाची एक चिंचोळी पट्टी. लांबी सुमारें तीन किलोमीटर, रुंदी अर्धा किलोमीटरही नाहीं. एका वस्तींत पोर्तुगीज, दुसरींत मुसलमान राहात. टोंकाशीं पवित्र मरियेचें १५२२ सालीं बांधलेलें एक लहान देऊळ होतें. तें आजही उभें आहे. अशा ठिकाणीं पांच मोठ्या गलबतांवरील माणसें उतरलीं. दीर्घ प्रवासानें खंगलेल्या त्या लोकांस तेथील दमट हवा सोसली नाहीं, आणि इस्पितळ रोग्यांनीं भरून गेलें. त्या सहा महिन्यांत सुमारें ऐंशी माणसें मरण पावलीं.

फ्रान्सिस व त्यांचे दोन सोबती, मिसेर पावलो आणि मान्सिल्यास, यांनीं इस्पितळांतच बिऱ्हाड केलें. रोग्यांची शुश्रूषा करणें, पापनिवेदन ऐकणें, मरणाऱ्याच्या उशाशीं बसणें हाच त्यांचा नित्यक्रम झाला. १५४१ चा नाताळ अशा स्थितींत आला. नाव्हारांत तो ऐन थंडींत, चुलीभोंवतीं साजरा होतो. येथें भर उन्हाळा, आणि आप्तस्वकीयांच्या जागीं तापानें फणफणलेले परके खलाशी. शेवटीं तापानें त्यांसही गांठलें. चरित्रकार सांगतात कीं, आपण स्वतः तापांत असतांना त्यांनीं शुद्ध हरपलेल्या एका गरीब खलाशास आपल्या अंथरुणावर निजविलें; तो शुद्धीवर आला, पापनिवेदन करून शांतपणें देवाघरीं गेला. १ जानेवारी १५४२ रोजीं फ्रान्सिस यांनीं रोममधील बांधवांस पत्र लिहिलें. त्याच दिवशीं वैद्यानें सातव्या वेळीं त्यांचें रक्त काढलें होतें. अधिक लिहितां येत नाहीं एवढीच त्यांची खंत होती. नशिबास दोष दिलेला त्यांत नाहीं.

पुढें गव्हर्नर मार्तिम आफोन्सो द सौझा यांच्याबरोबर त्यांस निघावें लागलें. दोघे सोबती रोग्यांपाशीं मागें राहिले. ६ मे १५४२ रोजीं ते गोव्यास पोंचले आणि तेथेंही त्यांनीं इस्पितळांतच मुक्काम केला. पुढील दहा वर्षांत मोतीं काढणाऱ्या परवांचा किनारा, आपली वसई, मोलुक्का बेटें, जपान असा त्यांचा प्रवास झाला. ३ डिसेंबर १५५२ रोजीं चीनच्या किनाऱ्याजवळील शांगच्वान बेटावर, पुन्हां एकदां पुढील गलबताची वाट पाहात असतांना, त्यांनीं देह ठेविला. १६२२ सालीं पवित्र सभेनें त्यांस संतपद दिलें.

प्रिय बंधुभगिनींनो, मोझांबिकच्या त्या सहा महिन्यांत त्यांनीं नवें देऊळ उभारलें नाहीं, लोकसमुदायास बाप्तिस्मा दिला नाहीं. जगाच्या हिशेबीं तो काळ वायां गेला. पण जी सेवा त्यांनीं पुढें हजारोंची केली, तिचा धडा त्यांनीं तेथें एकेका अंथरुणापाशीं गिरविला. आपल्या धर्मग्रामाच्या नोंदवह्यांत बाप्तिस्मे, विवाह व मृत्यु यांचे आंकडे सांपडतात. रोग्याच्या उशाशीं जागून काढलेल्या रात्रींची नोंद कोणत्याच वहींत नसते. तरी हें धर्मग्राम जितकें देवळाच्या भिंतींवर, तितकेंच त्या रात्रींवर उभें आहे. ज्युबिलीचे दिवे लावतांना, आपल्या गांवीं नव्यानें आलेल्या एखाद्या परक्याच्या दारीं आणि अंथरुणाला खिळलेल्या शेजाऱ्याच्या घरीं त्यांतील एक दिवा अवश्य पोंचवावा. संत फ्रान्सिस झेवियर आम्हांसाठीं विनंती करोत.